साडेबारा

पंचवीसचे साडेबारा करायचे.
पत्रात एवढंच. खाली शिक्का
आणि महिनाअखेरची तारीख.

रबाळ्याचं अग्निशमन केंद्र, माळ्यावरची खोली.
टेबलावर त्रेसष्ट वॉकीटॉकी,
पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटचे आकडे.
एकोणिसाव्याला अजून
रंगाच्या कारखान्यातल्या आगीचा वास.
मी केबल लावते, आतलं वाचून घेते:
चॅनल एक, केंद्र. दोन, घटनास्थळ. तीन, पूर.
चार कशाला ते कुणालाच माहीत नाही,
तरी राहू द्या म्हणाले.
रुंदीच्या रकान्यात बाण एकदा खाली.
हिरवी पट्टी सरकते, सेट बीप करतो,
मी पुढचा उचलते.

पाडळे चहा ठेवतात, विचारतात,
म्हणजे आवाज अर्धा होणार?
आवाज नाही हो. गल्ली अर्धी.
गाडी तीच?
तीच. आरसे मिटून.
बंब चालवण्यात चोवीस वर्षं गेलीत त्यांची,
त्यांना लगेच कळतं.

दुपारी पारसिकच्या डोंगरावरचा रिपीटर अरुंद केला.
सहाला हजेरी. वाशी आलं, नेरूळ आलं,
सगळे स्वच्छ, जरा सडपातळ.
मी केबल गुंडाळत होते,
सात वाजून पाच मिनिटांनी चॅनल तीनवर
काहीतरी फाटलं.

माणूसच होता. पण रुंद पलंग
चिंचोळ्या जिन्यातून वर चढवताना
भिंतीला खरवडत जातो, तसा.
जर… रती… गली…
यादी पाहिली. चौसष्टावा सेट नाही.
पाडळ्यांनी यादी पाहिली नाही.
हिराजी, म्हणाले. दिवाळ्याचा.
कुठल्याशा पुराच्या रात्री त्याच्या होडीतून
आपण अकरा माणसं काढली,
तेव्हा गोडांबेसाहेबांनी दिला सेट, सही न घेता.
साहेब रिटायर झाले, मग गेलेही.
हा रोज भरती लागली की सांगतो.
आम्ही सवड असली की उत्तर देतो.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप
उलट्या होडीच्या पोटावर ठेवला.
सेट लोणच्याच्या बरणीत, तांदळात पुरलेला,
बॅटरी जाळ्याच्या दोऱ्याने बांधलेली.
तीनदा वाचला नाही. खोडरबराने टोकं घासली,
मग उघडला.
आत एकच चॅनल. नावाच्या जागी
कुणीतरी एका बोटाने टाइप केलं असावं: हिराजी,
त्यातही एक अक्षर चुकलेलं.

म्हातारा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
मग म्हणाला,
कालपासना तुमचा आवाज बारीक येतंय.
मना वाटला, मीच बहिरा झालो.
बायकोला पन सांगला नाय.

बहिरे नाही झालात, मी म्हटलं.
बाण एकदा खाली.
पट्टी अर्ध्यावर अडकली, आम्ही दोघंही
श्वास धरून; जेट्टीवर कुणीतरी
कोलंबीची टोपली आदळली;
बीप.

सात पंचावन्नला
केंद्रातल्या सगळ्या सेटवर एकदम:
हजर! भरती लागली!
तो अजून ओरडूनच बोलतो.
पाडळ्यांनी चहाचा कप खाली ठेवून
बटण दाबलं. केंद्र. समजलं, हिराजी.

बिलात मी चौसष्ट लिहिले.
लेखा विभागाने परत पाठवलं:
एक सेट जास्त. सोबतचा तक्ता भरावा.
नाव भरलं. पत्ता, जेट्टी.
पदनाम, रेघ मारली.
भरतीची तारीख, असा एक रकाना होता.
त्यात लिहिलं:
रोज. आदल्या दिवसापेक्षा
पन्नास मिनिटं उशिरा.